वर्षारंभी गणिताच्या वर्गाची घडी

(खापरखेडा येथे शाळा उघडण्यापूर्वी भरलेल्या शिक्षकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाच्या कडाक्यामुळे आपल्या विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. पुण्या-साताऱ्याकडची मुले वर्गात रुळू लागलेली असतात तेव्हा आपल्या शाळांना अजून कुलपेच असतात. आणि ती निघतात ती नेमकी पेरणीच्या धांदलीत. त्यातच प्रवेशोत्सव, पुस्तकांचे वाटप, गणवेशाची मापे, आधार क्रमांकांच्या नोंदी आणि संगणकावर भरावयाची माहिती, एवढे सगळे एकदम येऊन पडते. परिणामी पहिला पंधरवडा 'शाळा अजून नीट सुरू व्हावयाची आहे' अशा समजुतीतच निघून जातो. ही समजूत शिक्षकांची असते, मुलांची नसते. मुलांच्या दृष्टीने शाळा पहिल्याच दिवशी सुरू झालेली असते आणि गणिताच्या तासाला आपले काय होणार आहे, याचा निकाल ती त्या पंधरवड्यातच आपल्या मनाशी लावून टाकतात. येथे चूक सापडली की हसे होते, की येथे आपले म्हणणे कोणी ऐकून घेते, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर आपण शब्दांनी देत नाही. तासाची जी घडी बसवितो तिने देतो. आजचा माझा विषय तेवढाच आहे.

प्रारंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक आपणापुढे ठेवतो. शाळेचे नाव सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काही नाही. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता आणि शाळा उघडून तीन-चार दिवस झाले होते. छत्तीसगडाकडून कामासाठी आलेल्या एका मजुराचा मुलगा नव्यानेच दाखल झाला होता. गावी तो दुसरीपर्यंत हिंदी शाळेत शिकलेला होता. मी फळ्यावर ६९ हा अंक लिहून त्याला वाचावयास सांगितले. तो उभा राहून स्पष्ट आवाजात म्हणाला, "उनहत्तर." माझ्या मराठी कानाला एकाहत्तर, बाहत्तर यांच्या पंक्तीतले काहीतरी ऐकू आले. "सत्तरच्या पुढचे नव्हे, नीट बघ," असे मी म्हणालो, वर्ग हसला, आणि मुलगा खाली बसला. हिंदीत एकोणसत्तरला उनहत्तर म्हणतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या क्षणी मला ते सुचले नाही, कारण मला उत्तर हवे होते. उत्तर देणारा मुलगा माझ्या लक्षातच नव्हता. पुढे तो मुलगा गणिताच्या तासाला बोलेनासा झाला. दिवाळीपूर्वी त्याचे वडील शाळेत आले. तक्रार करावयास नव्हे, दाखल्यासाठी आले होते. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "गाँव में तो हिसाब में यही आगे था, गुरुजी." त्यानंतर ते कुटुंब कोठे गेले हे मला कळले नाही.

खापरखेड्याच्या परिसरात ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण उघड आहे. येथे वीजकेंद्र आहे, सिल्लेवाडा-वलनीकडे कोळशाच्या खाणींच्या वसाहती आहेत, आजूबाजूस वीटभट्ट्या आहेत, आणि कन्हानच्या काठची जुनी शेतकरी गावेही आहेत. आपल्या पटावरील नावे एकाच मुलखातील नसतात. घरी हिंदी, छत्तीसगडी, गोंडी किंवा आपली वऱ्हाडी-नागपुरी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. संख्या सर्वांची एकच असते; तिचे नाव मात्र प्रत्येकाचे निराळे असते.

आणि खरे पाहू जाता संख्यांची मराठी नावे मराठी मुलालाही सोपी नाहीत. त्रेपन्न म्हणताना तीन आधी उच्चारला जातो व पन्नास मागाहून येतो; लिहिताना मात्र पाच आधी व तीन मागाहून. म्हणून ऐकून लिहिणारे मूल ३५ लिहिते आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो. त्याचे लक्ष असते, किंबहुना ते जरा अधिकच इमानदारीने ऐकत असते! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण'ची रीत सांभाळून भाषा नव्व्याण्णवला ती एकाएकी सोडून देते, हेही मुलाने कसे ओळखावे? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली ते आपल्या स्मरणात असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण सांगितले होते: जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या वर्गास कधी संख्यावाचन शिकविले होते, कोण जाणे. माझे स्वतःचे मत असे की रूढ नावे सोडण्याचे कारण नाही, कारण बाजारात आणि घरात तीच चालतात. परंतु त्रेपन्न म्हणजे 'पन्नास आणि तीन' हे मुलाच्या तोंडून वदवून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. जर्मन भाषेतही एकक आधीच बोलला जातो आणि तेथील मुलेही असेच अंक उलटे लिहितात. आपल्या खेड्यांतील वृद्ध बाया अजूनही 'तीन विसा न दहा' असा सत्तरचा हिशेब करताना आढळतात आणि तो कधी चुकत नाही. तेव्हा एका संख्येला अनेक नावे असू शकतात हे मुलांना प्रथम कळू द्यावे. पहिल्या आठवड्यात एक दिवस एवढ्यासाठीच राखावा: फळ्यावर एक संख्या लिहावी आणि 'हिला तुमच्या घरी काय म्हणतात?' असे विचारावे. मी त्या मुलाला हा प्रश्न विचारला असता तर, हे मनात येते. पण ते असो.

आता घडीविषयी. तासाची पहिली दहा मिनिटे रोज एकाच रीतीने जावीत. शिक्षक वर्गात येतात, मुलांच्या पाट्या पुढ्यात असतात, आणि तोंडी गणिताचे तीन प्रश्न विचारले जातात. तीनच, चौथा नको. प्रश्न एकदाच, सावकाश सांगावा. मुलांनी उत्तर लिहून पाटी छातीशी धरावी आणि 'पाटी वर' म्हणताच सर्वांनी एकदम वर करावी. हात वर करणाऱ्या चार मुलांना विचारून उरलेली तीस मुले झाकून ठेवण्याची जी आपली जुनी खोड आहे, ती या एका युक्तीने सुटते. सबंध वर्ग काय समजला आणि काय नाही, हे एका नजरेत दिसते. हजेरीपटापेक्षाही ही हजेरी मोलाची आहे.

पाट्या वर झाल्या की 'बरोबर', 'चूक' असे लगेच म्हणू नये. हे पाळणे फार कठीण जाते. आपली जीभ त्या दोन शब्दांना सरावलेली असते. दोन-तीन निरनिराळी उत्तरे निवडावीत, फळ्यावर मांडावीत आणि मुलांस विचारावे, "तू कसे काढलेस?" हा प्रश्न सर्व घडीचा प्राण आहे. मात्र तो ज्यांचे उत्तर चुकले त्यांनाच विचारला तर आठवड्याभरात 'कसे काढलेस' याचा अर्थ 'तुझे चुकले' असा होऊन बसतो. यास्तव पहिल्या दिवसापासून तो बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा, त्याच सुरात विचारला पाहिजे.

उदाहरण घेऊ. ४३ मधून १७ वजा करा. एक मूल म्हणते, "मी वीस काढले, तेवीस उरले, तीन जास्त गेले म्हणून परत दिले, सव्वीस." दुसरी मुलगी म्हणते, "सतरापासून वीसपर्यंत तीन, वीसपासून त्रेचाळीसपर्यंत तेवीस, मिळून सव्वीस." ही दुसरी रीत तिने बहुधा दुकानात सुटे पैसे परत घेताना पाहिलेली असते. तिसऱ्या मुलाच्या पाटीवर ३४ असते. त्याला रागावण्यापूर्वी ऐकून घ्यावे. तो म्हणेल, "तिनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले, चार, आणि चारातून एक गेला, तीन." म्हणजे त्याला वजाबाकी येत नाही असे नव्हे. लहानातून मोठे जात नाही एवढे त्याला पक्के ठाऊक आहे. दशक सोडून त्याचे दहा सुटे करावयाचे असतात एवढेच राहिले आहे. त्याला 'ढ' म्हणून बसविले तर शिकवावयाचे काय ते आपल्यालाही कळणार नाही आणि त्यालाही नाही.

याला जोडूनच पाटी पुसण्याचा नियम. पाटीचा गुण असा की चूक चटकन नाहीशी होते, आणि तोच तिचा दोषही आहे. शेजाऱ्याचे उत्तर निराळे दिसताच मूल थुंकी लावून आपले उत्तर पुसून टाकते, आणि त्याबरोबर त्याचा विचारही पुसला जातो. म्हणून वर्षारंभीच सांगून ठेवावे: चुकलेले उत्तर पुसावयाचे नाही, त्यावर एक आडवी रेघ मारावयाची आणि शेजारी नवे लिहावयाचे. पहिले काही दिवस मुले हे विसरतात. आपण स्वतः फळ्यावर कधी चुकलो तर (आणि आपण चुकतो) तेव्हा डस्टरकडे हात न नेता अशीच रेघ मारावी. मुलांना त्याचे फार नवल वाटते.

पहिल्या आठवड्यातील तोंडी प्रश्न अतिशय हलके असावेत. त्या दिवसांत शिकवावयाचे असते ते गणित नव्हे, रीत. गणित अवघड असले की मुलाचे सारे चित्त तिकडेच जाते आणि रीत अंगवळणी पडत नाही. येथे एक लहानशी सूचना: 'हे तर अगदी सोपे आहे' असे शब्द वर्गात उच्चारू नयेत. आपण ते धीर देण्यासाठी म्हणतो. पण ज्याला ते येत नाही त्याला त्यातून एवढेच कळते की सोपेसुद्धा आपल्याला येत नाही. वरच्या वर्गांना भोवतालचे प्रश्न द्यावेत. आपल्या वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे ४ संच होते, २०११ साली ५०० मेगावॅटचा आणखी एक सुरू झाला. तर सर्व मिळून क्षमता किती? पाचवीचे मूल कागदाशिवाय १३४० सांगू शकते. कोणी दुपटीची दुप्पट करील, कोणी दोनशे व दहा यांचे वेगवेगळे चौपट करील. ज्या धुराड्यांकडे पाहत मुले शाळेत येतात त्यांचा हिशेब त्यांना आपला वाटतो.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. दशक शिकविण्यास तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कांड्या, चिंचोके आणि दोऱ्याचे तुकडे पुरेत. दहा कांड्यांचा जुडगा मुलांनी स्वतः बांधावा व स्वतः सोडावा, कारण हातचा म्हणजे काय ते जुडगा सोडणाऱ्या बोटांना आधी कळते. अडचण असते ती वाटपाची. पहिल्या दिवशी कांड्या वाटण्यात आणि गोळा करण्यातच निम्मा तास जातो, दहा-बारा कांड्या बाकांखाली सापडतात, दोघांची भांडणे होतात, आणि शिक्षक मनात म्हणतात, 'फळाच बरा.' येथे हार खाऊ नये. तीन दिवस केवळ वाटणे, मोजणे व परत ठेवणे एवढाच सराव घ्यावा. परत ठेवताना 'माझे चार जुडगे, तीन सुट्या' असे प्रत्येकाने म्हणावे, म्हणजे तेही गणितच झाले. दुसऱ्या आठवड्यात हेच काम दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि मग वर्षभर तो वेळ आपल्या गाठीस राहतो.

पाढ्यांवरून हल्ली दोन तट पडलेले दिसतात. पूर्वी पंतोजींच्या शाळेत पाढ्यांच्या पलीकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी एवढे सारे मुखोद्गत असे. सोळा आण्यांच्या रुपयाला आणि शेर-मणांच्या व्यवहाराला त्याची गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि औटकीचे काम संपले. साध्या पाढ्यांचे काम मात्र संपलेले नाही, आणि पाठांतर म्हणजे घोकंपट्टी म्हणून ते टाकून देणे मला मान्य नाही. सायंकाळच्या परवच्याची जागा आता शाळेनेच भरून काढावी लागते. तेव्हा दिवसाच्या अखेरीस पाच मिनिटे सर्वांनी एका सुरात म्हणावे. परंतु त्याबरोबर आणखी एक सवय लावावी: पाढा मध्येच थांबवून विचारावे, "सात सक बेचाळीस; मग सात सत्ते किती, आणि कशावरून?" ज्याला बेचाळिसात सात मिळविता येतात त्याचा पाढा विसरला तरी बुडत नाही. केवळ सूर पाठ झालेल्या मुलाला मधले एक पाऊल निसटताच पुन्हा 'सात एके सात'पासून धावत यावे लागते.

आता आपल्यापैकी बहुतेकांच्या खऱ्या अडचणीकडे वळतो. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे निदान दोन इयत्ता आल्याच. एका वर्गाशी बोलत असता दुसऱ्या वर्गाने काय करावे? 'गप्प बसा आणि पुस्तकातील उदाहरणे सोडवा' हे उत्तर आपण सर्वांनी देऊन पाहिले आहे. उदाहरणे चुकतात, ती चुकली हे कोणाला कळत नाही, आणि गप्प कोणीच बसत नाही.

या ठिकाणी मला एका शिक्षकाचेच साहाय्य घ्यावेसे वाटते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) हे नाशिकजवळ देवळाली येथील शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा ध्यास होता. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा विशेष दाखवून दिला, आणि आज जगभरचे गणिती तिला कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतात. चार अंक घ्या, सर्व सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आणि आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात वजाबाक्यांत मुक्काम येतोच. तिसरीच्या मुलांना तीनच अंक द्यावेत, तेथे मुक्काम ४९५ चा.

आपल्या दृष्टीने याचे मोल असे. मूल स्वतःची संख्या निवडते, म्हणून शेजाऱ्याचे पाहून चालत नाही. हातच्याची वजाबाकी न सांगता चार-पाच वेळा होते. आणि ४९५ आले नाही तर कोठेतरी चुकले, हे त्याला शिक्षकाने सांगावे लागत नाही; ते स्वतःच मागे जाऊन शोधते. चुका पुसावयाच्या नाहीत हा नियम येथे त्याच्याच उपयोगी पडतो, कारण पुसले असते तर शोधणार काय? उत्तर तपासण्याची सत्ता शिक्षकाकडून मुलाच्या हाती जाते आणि तेवढ्यात शिक्षक दुसरीच्या जुडग्यांपाशी निश्चिंत बसू शकतो. पंधरवड्याच्या दुसऱ्या आठवड्यात हा पाठ घालून द्यावा आणि 'शांत काम' म्हटले की मुलांनी यास लागावे. पुढे याच्या जोडीला आणखी कामे घालता येतील.

येथे कोणी म्हणतील की पंधरा दिवस रीत बसविण्यात घालविले तर अभ्यासक्रम मागे पडेल आणि पाहणीस येणारे विचारतील. विचारतील खरे. परंतु पहिल्या पंधरवड्यात जे पाठ आपण उरकतो ते ऑगस्टमध्ये पुन्हा शिकवावे लागतात, याची खूण प्रत्येकाच्या टाचण वहीत सापडेल. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा आग्रह तिसरीअखेर मुलास संख्यांचे मूलभूत ज्ञान यावे असाच आहे. पहिल्या पंधरा दिवसांत किती पाने झाली, असे त्यात कोठेही विचारलेले नाही. वर्गातील आवाजाविषयीही तेच. 'कसे काढलेस' असे विचारणारा वर्ग अगदी शांत नसतो. मुख्याध्यापकांनी दारातून डोकावताना तो आवाज गोंगाटाचा आहे की बोलण्याचा, हे जरा थांबून ऐकावे अशी माझी त्यांना विनंती आहे.

एक गोष्ट राहिली. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि आपल्या वर्गात नवी मुले येतात. काही उन्हाळ्याआधी निघूनही जातात. त्यांच्यासाठी घडी पुन्हा बसवावी लागत नाही. घडी बसलेल्या वर्गात नवे मूल आले की त्याच्या शेजारचेच मूल त्याला सांगते: पाटी छातीशी धर, पुसू नको, आणि बाई विचारतील तर कसे काढले ते सांग, हिंदीत सांगितले तरी चालते. हे शेवटचे वाक्य मी एका शाळेत आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकले आहे. ते तिला कोणी शिकविले नव्हते. पाच महिने ती ते पाहत आली होती.

आता आपणापाशी कागद आहेत. प्रत्येकाने तीन अंकांची एक संख्या मनात धरावी. तिन्ही अंक सारखे नसावेत आणि मध्येच वजाबाकी ९९ आली तर पुढे शून्य मांडून ०९९ असे लिहावे. पाच मिनिटांनी मी 'कागद वर' म्हणेन. ज्यांचे ४९५ येणार नाही त्यांनी कृपया खोडू नये, एक रेघ मारावी. त्यांनाच मी प्रथम विचारणार आहे.